एकट्या साक्षीचा खण

६ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर. हे पत्र कामाचं आहे. थोरलीला अचानक माया दाटून आली असं काही समजू नकोस. पत्ता तुझ्या नणंदेकडून घेतला. तिने दहा प्रश्न विचारले, मी एकाचं उत्तर दिलं.

मी दोन वर्षं एका कोशाच्या कचेरीत झाडलोट करते. तीन खोल्या, दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करतो. भिंतभर लाकडी खण आणि खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. एका कार्डावर एक शब्द. पण अर्थ सांगणारा हा कोश नव्हे, तसले बाजारात पुष्कळ आहेत. हा शब्दांची सोयरीक सांगतो. कुठला शब्द कुणाच्या घरी नांदतो ते. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, पण राग लागत नाही, राग येतो. लग्न जुळतं आणि भांडण जुंपतं. याचं त्याला लावून बघ, ऐकणारा हसतो. का हसला ते त्याला सांगता येत नाही. तुझ्या वेळी मी चारचौघांत 'लग्न जुंपलं' म्हणाले होते, ते काही चुकून नव्हतं.

सगळ्यात हाल 'काढणे'चे. झोप काढा, खोडी काढा, समजूत काढा, उणीदुणी काढा, दिवस काढा, जिथे तिथे हीच राबते. मी कोशाच्या बाईंना म्हटलं, ही नक्की घरातली थोरली असणार.

कोशाच्या बाई म्हणजे इथल्या मुख्य. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि तरी गप्प बसवत नाही म्हणून हा उद्योग मांडला. दुसरा एक माणूस कॉम्प्युटरवर बसतो. पन्नाशीचा आहे, डोक्यावर केस नाहीत. त्याला मी तोंडावर भाऊ म्हणते आणि मनात टकलू.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात मी टकलूच्या खुर्चीखालून फडकं फिरवत होते आणि तो मोठ्याने वाचत होता, 'दोर : तयार करणे, बनवणे.' मी म्हटलं, पाय उचला आणि ते खोडा. दोर काय चहा आहे तयार करायला? दोर वळतात. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला कसं माहीत. मी म्हटलं, जन्मापासून माहीत आहे, चौथीतून काढून मला आईने दोराच्या चाकावर बसवलं ते काय चहा करायला नाही. तेवढ्यात बाई आतल्या खोलीतून आल्या, चष्मा कपाळावर, आणि मला खुर्चीवर बसवलं. ओल्या हातांनी. दोन तास विचारत होत्या. घायपाताच्या वाखाचं काय करतात, पेडाचं काय करतात, चाक अडलं तर काय म्हणतात. फरशी अर्धीच राहिली. चौतीस शब्द निघाले. आईचा एवढा माल माझ्या डोक्यात पडून होता हे मलाच माहीत नव्हतं.

आता अडचण. इथला नियम असा की एका माणसाच्या सांगण्यावर शब्द छापत नाहीत. दोन माणसं लागतात, आणि दोघांनी आपसात न बोलता तेच सांगायला हवं. दुसरी साक्ष मिळाली नाही तर कार्ड खालच्या खणात जातं. त्यावर चिठ्ठी आहे, 'एकट्या साक्षीचा खण'. त्या खणातलं काही छापत नाहीत. आता हाताने दोर वळणारं आसपास कुणी उरलं नाही, सगळा नायलॉन. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला हे काम येत होतं का. मी म्हटलं, धाकटी बहीण आहे, दुसऱ्या टोकाला तीच असायची. म्हणाल्या, तिच्याशी बोलणं होतं का. मी म्हटलं, नऊ वर्षं तोंड बघितलेलं नाही.

बाईंचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू. म्हणाल्या, "मग याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही."

म्हणून लिहिते. महिनाअखेर पानं छपाईला जायची आहेत. तुला त्रास नको म्हणून मीच लिहून देते, तू खाली सही कर. वाख विंचरतात. पेड धरतात. पीळ भरतात. चाक हाकतात. दोर वळतात. वळलेला दोर ताणावर टाकतात. मग त्याला पाणी दाखवतात. बाकीचे सत्तावीस उद्या लिहीन, हात दुखला.

आईला बघायला उशिरा आलीस ते असू दे. हे तरी वेळेवर कर.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

सही करू नकोस. ते पत्र फाडून टाक.

मी मोठ्या ऐटीत बाईंना सांगितलं की काम केलं, सात शब्द उत्तरांसकट पाठवले, तिने नुसती सही करायची आहे. बाई कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार फोडलात." मी म्हटलं, फोडला कुठे, मदत केली. टकलू एवढा हसला की त्याला पाणी आणून द्यावं लागलं, तेही मीच.

ते सात शब्द आता बाद. तू काहीही लिहिलंस तरी ते माझंच ऐकून लिहिलं असं धरणार. एकट्यांच्या खणात गेले, माझ्या डोळ्यांसमोर. वाख, पेड, पीळ, चाक, दोर, सगळे. आईचे अगदी रोजचे शब्द. माझ्या घाईने गेले हे मी लिहिते आहे, तुला वाचून बरं वाटेल म्हणून.

सत्तावीस शिल्लक आहेत. या पाकिटात सत्तावीस कार्डं आहेत आणि पाच कोरी. कार्डावर नुसता शब्द आहे. तू खाली लिहायचं की तो कुणाबरोबर नांदतो, आणि एक वाक्य लिहायचं. वाक्य बनवायचं नाही. कधी तरी कुणी तरी खरंच बोललेलं, नाहीतर तू आत्ता कुणाला बोलशील असं. शाळेतलं नको. 'राम वनात गेला' असलं पाठवलंस तर बाई परत पाठवतील. कोरी कार्डं आम्ही विसरलेल्या शब्दांसाठी. सातवीपर्यंत गेलेली तूच, तुला जड नाही. परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीटही आत आहे.

हे पत्र बाईंनी वाचलं आहे. साक्षीदाराला जाणारं प्रत्येक पत्र त्या वाचतात, माझ्यामुळे नवा नियम. मध्ये दोन ओळी काळ्या दिसतील त्या त्यांनी खोडल्यात. पहिलीत मी चुकून दोराचं काही सांगून बसले होते. दुसरी तुझ्याबद्दल होती. म्हणाल्या, याने साक्षीदार चिडेल. मी म्हटलं, ती चिडलेलीच आहे. तरी खोडली.

तुझे भावोजी बरे आहेत. गुडघा धरतो त्यांचा. सूनबाई नोकरीला लागली. तुझ्याकडचं काही विचारत नाही, कारण बाई म्हणतात विषय भरकटू नये.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

कार्डं मिळाली. 'ताई' नाही, 'कशी आहेस' नाही, नुसती कार्डं दोऱ्याने बांधून. ठीक. मीही कामाचंच लिहिते.

बाईंनी दुपारी सगळ्यांसमोर वाचायला घेतली. सगळे म्हणजे टकलू आणि मी. पहिलंच कार्ड, 'टोक : सोडणे. ताईने मध्येच टोक सोडलं आणि मी पाठीवर पडले.' मी म्हटलं योगायोग असेल. दुसरं, 'गाठ : मारणे. ताईने मारलेली गाठ आईला दातांनी सोडवावी लागायची.' तिसरं, 'बोलणी : खाणे. ताईने चाक उलटं फिरवलं आणि बोलणी मी खाल्ली.' पुढे 'पाळी', 'तेल', 'ऊन', सगळीकडे मी. ऊन म्हणजे, 'ताई सावलीत बसायची आणि मला ऊन लागायचं.' सत्तावीस कार्डांवर तू माझी सत्तावीस उणी काढलीस आणि ती सरकारी मदतीने छापली जाणार आहेत.

मी हरकत घेतली. म्हटलं, टोक मी सोडलं नव्हतं, ते निसटलं होतं. टकलूने कान टवकारले. सोडणं, सुटणं, निसटणं, तिन्ही चालतं का टोकाला? मी म्हटलं, चालतं, पण सोडलं तर दोष माणसाचा, निसटलं तर घामाचा. त्याने माझ्या भांडणातून तीन कार्डं केली आणि वर धन्यवाद दिले.

इथली पद्धत अशी की दुसऱ्या साक्षीचं वाक्य पहिल्या साक्षीने वाचायचं आणि पटलं तर खाली लिहायचं, 'असं बोलतात', आणि सही. मी म्हटलं, यातलं अर्धं खोटं आहे, मी सही करणार नाही. बाई म्हणाल्या, घडलं का ते आम्ही विचारत नाही. असं बोलतात का, तेवढंच सांगा. मी विचार केला. बोलतात तर असंच. सत्तावीस सह्या केल्या. शेवटी शेवटी सही सुधारली.

एक सांगते. सत्तावीसच्या सत्तावीस जुळली. कार्डावर कार्ड ठेवलं की खालच्या ओळीला तोच शब्द. बाई म्हणाल्या, बारा वर्षांत असं झालेलं नाही, एका घरातल्या नवराबायकोची पाच जुळत नाहीत. त्यांनी दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवत बसल्या. मी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. भरलेल्याच होत्या, पण गेले.

आईचे सत्तावीस शब्द छापले जाणार. तुझ्यामुळे. हे लिहायचं राहू नये म्हणून लिहिलं.

संध्याकाळी बाईंनी आणखी एक दाखवलं. तुझी वाक्यं पुढे करून म्हणाल्या, बघा, बहुतेकांत 'ताईने' आणि 'मला'. 'ने' लागतो तो करतो, 'ला' लागतो त्याला ते झेलावं लागतं. मी म्हटलं, हे मला आधी सांगितलं असतंत तर मीही 'ला' लावून घेतला असता. त्या हसल्या. त्या घरी गेल्यावर मी माझा गठ्ठा काढला आणि मोजत बसले. सगळी वाक्यं 'मी'ने सुरू होतात. मी वळला, मी ताणला, मी उचलला. तू दोनदाच आहेस. एकदा रडतेस आणि एकदा झोपलेली आहेस.

तुझ्या प्रत्येक वाक्यात मी. माझ्यात तू दोनदा.

'कुसळ'चं कार्ड मात्र मी दोनदा वाचलं. 'हातात गेलेलं कुसळ ताईच काढायची, पण आधी हसायची.' हो, हसायचे. तू तोंड असं करायचीस की हसू यायचंच.

इथवरचं बाईंनी वाचून परत दिलं, पुढचं मी मागून जोडते आहे. गठ्ठ्यात अठ्ठाविसावं कार्ड होतं, कोऱ्यांतलं, तुझ्या हाताने शब्द लिहिलेलं. ते बाईंनी वाचायच्या आधी मी खाली सरकवलं. माझ्या पिशवीत आहे. दोराचा शब्द नाही तो. त्याचं काय करायचं ते बघते.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र बाईंनी वाचलेलं नाही. वाचू देणार नाही.

चार दिवस ते कार्ड पिशवीत होतं, डब्याच्या खाली. भावोजींनी विचारलं, तोंड का असं, दात दुखतो का. मी हो म्हटलं. त्यांनी लवंग आणून दिली. दात दुखत नसताना लवंग चघळून बघ एकदा.

तू लिहिलंस, 'सांगावा : धाडणे, पोचवणे. आईने माझ्यासाठी सांगावा धाडला, ताईने तो पोचवला नाही.'

तुला कुणी सांगितलं ते कळलं. शेजारची नर्स. ती सुई द्यायला यायची तेव्हा आईच्या खोलीत होती. इतकी वर्षं पोटात ठेवलं असेल, मग कुठे तरी भेटली असशील तिला. तिच्यावर राग नाही.

आता ऐक. आई अठरा दिवस अंथरुणात होती. चौथ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती म्हणाली, धाकटीला बोलाव. मी हो म्हटलं. पोस्ट समोर, फोन शेजाऱ्यांकडे, दोन्हीला दोन मिनिटं लागली असती. नाही कळवलं. सहाव्या दिवशी तिने विचारलं, कळवलंस का. मी म्हटलं, कळवलं, येईल. नंतर तिने विचारलं नाही, नुसती दाराकडे तोंड करून झोपायची. मी दार लोटून घ्यायचे, वारा येतो म्हणून.

तुला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू धापा टाकत आलीस आणि मी भरल्या घरात म्हणाले, आली बघा, आई गेल्यावर आली. सगळे तुझ्याकडे वळून बघायला लागले. मी बघू दिलं.

बास. याच्याहून मला नीट लिहिता येत नाही.

आज सकाळी कार्ड बाईंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "हा दोराचा शब्द नाही. बाजूला ठेवता येईल. छापायचा असला तरी तुम्ही फक्त 'असं बोलतात' लिहायचं आहे, बाकी काही विचारत नाही आम्ही."

मी 'असं बोलतात' लिहिलं आणि सही केली. मग त्याच्याखाली लिहिलं, 'आणि असं घडलं.' बाई म्हणाल्या, याला कार्डावर रकाना नाही. मी म्हटलं, मग कडेला राहू दे. त्यांनी राहू दिलं. टकलू कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला होता, पण टाइप काही करत नव्हता.

का नाही कळवलं ते राहिलं. तुला वाटत असेल, आईची लाडकी धाकटी म्हणून थोरली जळली. तसं असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते, जळण्याची मला लाज नाही. कारण सांगाव्यात होतं. नर्सने तुला अर्धाच सांगितला, तिने अर्धाच ऐकला असेल. पुरा असा होता. जसा आई बोलली तसा लिहिते, एक अक्षर माझं नाही.

"धाकटीला बोलाव. म्हणावं, थोरली दमली आहे. तोंडाने सांगायची नाही ती, तू येऊन बघ."

माझ्या हातात कंगवा होता. मला इतका राग आला. मी कुणाला म्हटलं होतं दमले म्हणून? चार दिवसांत दमायला मी काय कागदाची आहे? आणि धाकटीने यावं, माझ्याकडे बघावं, मला बस म्हणावं, हे आईने तिला सांगावं आणि तेही मीच पोचवायचं. मी ठरवलं, नाहीच दमायचं.

दमले होते, धाकटे. चौथ्या दिवशीच. अठराव्या दिवशी तर मला उभंच राहवत नव्हतं, आणि तू दारात आलीस, तर पहिलं तुझ्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याऐवजी ते बोलले.

सांगावा तुझा होता. नऊ वर्षं माझ्याकडे राहिला. आता तुझा तू घे.

ताई


३ मार्च

धाकटे,

उत्तराला पाच दिवस लागले, त्यातले तीन मी पोस्टमनशी भांडले. तो म्हणतो, तुमचं पत्र मी खाऊन काय करू. काल त्याने पाकीट स्वतः वरच्या मजल्यावर आणून दिलं, माझ्या भीतीने.

आत एकच कार्ड. तुझ्या हातचं. 'सांगावा : मिळणे. आईचा सांगावा मला मिळाला. गुरुवारी येते, ताईला बघायला.'

बघायला कशाला, मी आहे तशीच आहे, जाड झाले आहे जरा. तू ये. पानं छपाईला गेली. बाईंना तुला भेटायचं आहे, पण मी सांगितलं, पहिला दिवस माझा, मग तुमची. त्या सात बाद शब्दांचं त्यांच्या मनात काही चाललं आहे, तुला आणि मला वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं म्हणतात. मी म्हटलं, आता नको, नुकत्याच एका खोलीत येतोय. ते सात राहू दे खणात.

गुरुवारची सुट्टी मागितली तर बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, बहीण येते आहे. म्हटलं ते जरा वेगळ्या आवाजात गेलं असेल, मलाच ऐकू आलं तसं. बाईंचा हात सवयीने कोऱ्या कार्डाकडे गेला. लेखणी उघडली आणि म्हणाल्या, पुन्हा म्हणा, लिहून घेते.

मी म्हटलं, ठेवा ते कार्ड. हे वाक्य कोशाला मिळायचं नाही.

अनेक आशीर्वाद. कागद उरला आहे, तरी थांबते, बाकीचं तोंडाने.

तुझी ताई